चौथी खुंटी

"आज तिचं मॉडेल ठेव टेबलावर," सर म्हणाले आणि रजिस्टर उघडून हजेरी घ्यायला लागले.

तिचं म्हणजे दोन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत लागलेल्या नव्या मदतनीस पोरीचं. सव्वीस वर्षं सरांच्या तासाला मॉडेलं मी बनवली. लाकडाच्या गोळ्या घासल्या, कार्बनला काळा रंग, ऑक्सिजनला लाल, हायड्रोजनला पांढरा, आणि सगळ्या खुंट्यांनी जोडल्या. आता ही कालची पोर माझ्या डोक्यावर येऊन बसणार. माझ्या पोटात दुखत होतं, खोटं कशाला बोलू? बायको म्हणालीसुद्धा, "तिचं नाव काढल्याशिवाय घास उतरत नाही का तुमचा?"

आतल्या खोलीत जाऊन मी मॉडेल हातात घेतलं. ग्लुकोज होतं. मधे सहा काळ्या गोळ्यांची उभी रांग, दोन्ही बाजूंना लाल-पांढऱ्या गोळ्या. खोट काढायची म्हणून चारी बाजूंनी पाहिलं, पण एक खुंटी डुगडुगेल तर शपथ. त्यानं मी आणखीच जळलो.

ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, दोन्ही साखरच. गोळ्या तेवढ्याच. वरून चौथ्या कार्बनवरची लाल गोळी ग्लुकोजमध्ये उजवीकडे असते, गॅलॅक्टोजमध्ये डावीकडे, एवढाच फरक. बाहेर हजेरी चालू होती. मी गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं खुंटीचा सरस सैल केला, लाल गोळी अलगद काढली आणि डावीकडच्या पांढरीशी तिची अदलाबदल केली.

आता सर शंभर पोरांसमोर तिची लाज काढणार. माझी एक खुंटी केसभर वाकडी असली तरी सरांना कळते, हे मी सव्वीस वर्षं गावभर सांगत आलो होतो.

सरांनी मॉडेल उचललं. "हे ग्लुकोज," म्हणाले. डोळे वहीत ठेवून गोळ्यांवरून काठी फिरवली आणि मॉडेल खाली ठेवलं. पोरांनी वह्यांत चित्र काढलं. कुणी हललं नाही. फक्त मागच्या दाराशी उभी असलेली ती एक पाऊल पुढे आली. तिनं मॉडेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तास संपल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छान झालंय. तुझं काम ते तुझंच."

"हे तिचं आहे, सर. तुम्हीच ठेवायला सांगितलंत."

"हो का? बरं, बरं."

"आणि चौथी खुंटी उलटी आहे, सर. गॅलॅक्टोज झालंय ते."

"असू दे रे. पोरांना कुठं कळतंय?" रजिस्टर काखेत मारून ते निघून गेले.

मी स्टुलावर बसलो. एवढी वर्षं मी कुणासाठी गोळ्या घासत होतो?

ती टेबलाजवळ आली. "मामा, तुम्ही केलंत ना हे?"

"तुला कसं कळलं?"

"सरस लावून पक्की केली होती मी ती. टवकाही न उडवता इथे दुसरं कोण काढणार?" तिनं मॉडेल स्वतःकडे ओढलं. "माझी नोकरी गेली असती."

"तेच हवं होतं मला," मी म्हणालो. खरं ते सांगितलं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तीन वाजता दुसरी तुकडी आहे."

मी सरस तापवला. तिनं मॉडेलची बैठक दोन्ही हातांनी धरली. मी लाल गोळी परत उजवीकडे आणली आणि सरस धरेपर्यंत अंगठ्यानं दाबून ठेवली.

"बघ," मी म्हणालो.

तिनं खुंटी बोटानं हलवून पाहिली. मग मॉडेल खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, वाकून एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. सव्वीस वर्षांत माझ्या हातची खुंटी इतका वेळ कुणी पाहिली नव्हती.