काळी बाजू खाली

मी चुलीतला दगड बोलतोय. आवाज जरा दबलेला वाटेल, कारण सध्या मी पालथा पडलोय आणि माझं तोंड मातीत आहे. ते तसं का, ते ओघात येईलच.

दगड म्हटलं की तुम्हाला शेंदूर फासलेला देव आठवतो, नाहीतर वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा. मी दोन्ही नाही. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात, पाइनच्या रानातला मी एक करडा दगड. अंगावरून एक पांढरी रेघ तिरकी गेलेली, आणि एका बाजूला लहानसा खळगा. दोन हातांनी उचलावा लागतो एवढं वजन. जन्माचं विचाराल तर कडा फुटला, मी घरंगळलो आणि उतारावर थांबलो, एवढंच. त्यानंतर कितीतरी काळ काही घडलंच नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

मग एल्डन आणि नोला आले. नवं लग्न झालेलं. एल्डन लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा, नोला गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. खाली नदीकाठी तंबू लावायची सरकारी जागा होती. तिथे नळ, बाकडी, संडास, सगळी सोय. पैसे भरायचे आणि राहायचं. पण एल्डनला ते मुळीच मंजूर नव्हतं. शेजाऱ्याचं घोरणं ऐकायला मी गावातच झोपेन की, असं त्याचं म्हणणं. रान सगळ्यांचं आहे, कुठेही फुकट राहता येतं, फक्त जागा शोधता आली पाहिजे, असं तो ऐटीत सांगायचा.

शोधायची त्याची पद्धत होती. डांबर संपलं की मातीच्या रस्त्यावर गाडी हळू घ्यायची आणि कडेला गवताखाली बुजलेली चाकोरी दिसतेय का ते बघायचं. दिसली की गाडी तिथेच उभी करायची आणि आधी पायी आत जायचं, कारण गाडी आत घालून वळवायला जागा नसली तर फजिती. आत सपाट जमीन हवी, ओढा ऐकू यावा पण अगदी काठाशी नको. आणि सगळ्यात शेवटी मान वर करून झाडं बघायची. वाळून लटकलेल्या फांद्यांना तिकडचे लाकूडतोडे 'विधवा करणाऱ्या' म्हणतात. अशी एक जरी डोक्यावर असली तरी एल्डन त्या जागेला रामराम ठोकायचा.

एवढा सावध माणूस, पण पहिल्याच संध्याकाळी चुकला. ओढ्यातले गोल गुळगुळीत दगड त्याला फार आवडले. ते आणून त्याने गोल चूल मांडली, जाळ केला आणि वर कॉफीचं भांडं ठेवलं. ओढ्यातल्या दगडाच्या पोटात पाणी मुरलेलं असतं. तो तापला आणि फाडकन फुटला. भांडं उडालं, कॉफी नोलाच्या शेजारी सांडली. पोळली नाही, नशीब.

नोलाने शांतपणे गुडघ्यावरची राख झटकली आणि म्हणाली, "दगडातलं काही कळत नाही, हे लग्नाआधी सांगायचं होतंस."

एल्डन खाली मान घालून उतारावर गेला आणि कोरडे दगड वेचून आणू लागला. त्याने उचललेला पहिला दगड मी. असा मी चुलीत आलो.

माझी जागा ठरून गेली होती. जाळाच्या पलीकडे एल्डन, अलीकडे नोला, आणि नोलाच्या पायाशी मी. जेवणं झाली, जाळ बसला, मी कोमट झालो की ती बूट काढायची आणि माझ्या खळग्यात टाच टेकवायची. तिची टाच त्यात अशी नेमकी बसायची की मलाच नवल वाटायचं. मग ती एल्डनला शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगायची आणि तो हूं हूं करायचा.

निघायच्या दिवशी सकाळी मात्र एल्डन वेगळाच माणूस व्हायचा. चुलीत पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, मग हाताची मागची बाजू राखेला लावून बघायची. गार लागली की चूल मोडायची. एकेक दगड उचलून झाडाखाली, झुडपात, ओंडक्याशेजारी ठेवायचा, आणि तोही काजळी धरलेली बाजू खाली करून. वरून पाइनच्या सुया पसरायच्या. बघणाऱ्याला वाटावं, इथे आजवर कुणी बूडसुद्धा टेकलेलं नाही. पुढच्या खेपेला आल्यावर तो बरोबर एकेक दगड हुडकून पुन्हा चूल मांडायचा. म्हणजे माझं आयुष्य थोडे दिवस चूल आणि बाकी वर्षभर नुसता दगड, असंच गेलं.

यावरून दोघांचं दर वेळी वाजायचं. नोलाचं म्हणणं, राहू दे की चूल, कुणी दमूनभागून आलं तर आयती मिळेल. एल्डन म्हणायचा, आज चूल दिसेल, उद्या इथे पाटी लागेल. ती त्याला कंजूष म्हणायची. जागेचा कंजूष. त्याला ते खरं तर आवडायचं, असं मला वाटतं.

तो होताच तसा. गावात कुणी विचारलं, कुठे जाऊन आलात, तर ठरलेलं उत्तर, "वरती, रस्त्याने." ताकास तूर लागू द्यायचा नाही. आणि गंमत म्हणजे वाट नोलालाही ठाऊक नव्हती. डांबर संपून गाडी खडखडायला लागली की तिचा डोळा लागायचा, तो थेट जागेवर पोचल्यावर उघडायचा. परतताना तीच कथा. पुढे मुलगी झाली, डार्ला. तिला गाडी लागायची, म्हणून ती मागच्या सीटवर डोळे मिटून आडवी पडलेली असायची. आयुष्यभर येत राहिल्या, पण वाट दोघींनाही माहीत नाही. एल्डन नोलाची चेष्टा करायचा, की तुला कळली असती तर तुझ्या बहिणीला कळली असती आणि मग गावजेवणच झालं असतं.

डार्ला मोठी झाली, दूर ॲरिझोनात नोकरीला गेली. दोघं म्हातारी झाली, तरी येत राहिली. मग एका उन्हाळ्याच्या शेवटी एल्डन एकटाच आला.

त्या वर्षी वणव्यांमुळे रानात चूल पेटवायला बंदी होती. चालताना तो थांबून थांबून श्वास घेत होता. त्याने चूल मांडली नाही. ओंडक्यावर बसून थर्मासमधली कॉफी प्यायला, सवयीने वर बघून फांद्या तपासल्या. मग मला हुडकून काढलं, छातीशी धरलं आणि चाकोरीच्या तोंडाशी, रस्त्यालगतच्या एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर नेऊन ठेवलं. काळी बाजू वर. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी चुकलं. आजवर त्याने असं कधी केलं नव्हतं.

माणसं दगडाशी सहसा बोलत नाहीत, आणि एल्डन तर माणसांशीही फारसा बोलायचा नाही. पण जाताना माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तिला वाट नाही कळायची. तू कळशील."

त्यानंतर तो आला नाही.

बर्फ पडलं, वितळलं. मी बुंध्यावर होतो. तोवर एल्डन गेला होता, पण ते मला नंतर कळलं. वर बघून बघून त्याने बायकोला विधवा करणाऱ्या सगळ्या फांद्या टाळल्या, आणि शेवटी छातीतल्या दुखण्याने ते काम केलं.

पुढच्या उन्हाळ्यात टॅनर आणि ब्रिन नावाचं तरुण जोडपं गाडी घेऊन आलं. हातात फोन, फोनमधल्या नकाशावर फुकट राहायच्या जागांचे ठिपके. त्यांचा ठिपका रस्त्याच्या खालच्या वळणावर होता. तिथे आधीच कुणीतरी चूल मांडून सोडली होती, पण तिचा एक दगड कमी होता. दगड शोधत ती दोघं वर आली आणि ब्रिनने मला पाहिलं. छान सपाट आहे, तवा बसेल, म्हणाली. वाईट माणसं नव्हती ती. कुणी ठेवलेला दगड हलवू नये, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. टॅनरने मला उचललं आणि खालच्या वळणावर नेऊन त्या चुलीत बसवलं. माझ्यावर एवढं एक काम सोपवलेलं, तेही बोंबललं.

दगडाला राग येत नाही असं म्हणतात. मला त्या दिवशी थोडा आला.

त्या जागेचा फोटो फोनवर गेला आणि माणसांची रीघ लागली. माणसांचं एक कोडं मला उलगडलेलं नाही. कुणी नसलेली जागा शोधत ती सगळी एकाच ठिकाणी येतात आणि मग एकमेकांकडे रागाने बघतात. चूल फुगत फुगत बैलगाडीच्या चाकाएवढी झाली. तिच्यात डबे, बाटल्या, एकदा तर बाळाचं लंगोट. झुडपामागे कागदाचे पांढरे बोळे. मी पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी काळा झालो. पांढरी रेघही दिसेनाशी झाली.

आणि मग एका दुपारी एक गाडी थांबली आणि तीतून नोला उतरली. हातात काठी. मागून डार्ला, तीही आता पिकलेली.

त्यांच्या बोलण्यावरून सगळं कळलं. घर विकलं होतं. नोला मुलीकडे राहायला निघाली होती आणि पुन्हा या डोंगरात येणं व्हायचं नव्हतं. तिला फक्त एकदा त्या जागी बसायचं होतं. डार्ला फोनवरचा एकेक ठिपका दाखवत तिला फिरवत होती आणि नोला दर ठिकाणी मान हलवत होती. हा शेवटचा ठिपका. उद्या निघायचं होतं.

नोलाने इकडेतिकडे पाहिलं. डबे, बोळे, चाकाएवढी चूल. "ही नव्हे," ती म्हणाली. "इथे तर तो गाडीतूनसुद्धा उतरला नसता."

डार्लाने विचारलं, निघायचं का. नोला म्हणाली, जरा बसू, पाय भरून आलेत. डार्लाने घडीची खुर्ची आणून चुलीपाशी मांडली. मी समोरच होतो, दोन हातांवर, आणि करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. नोलाने बूट काढला, पाय चोळला आणि टेकवायला काहीतरी हवं म्हणून माझ्यावर ठेवला.

टाच खळग्यात गेली.

ती हलली नाही. मग पाय जरा उचलून तिने पुन्हा ठेवला. नंतर वाकून, थुंकी लावून अंगठ्याने माझी काजळी घासायला लागली. पांढरी रेघ वर आली.

"डार्ला, हा आपला दगड आहे."

डार्लाला वाटलं, आईचं वय झालं. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, की दगड सगळे सारखेच दिसतात. नोलाने तिला झटकलं. बापासारखं बोलू नकोस, दगडातलं त्यालाही कळत नव्हतं, म्हणाली. मग तिने रेघेवरून पुन्हा अंगठा फिरवला. जे मला सांगता येत नव्हतं ते तिचं तीच जुळवत होती.

"त्याने लपवलेला दगड कुणाच्या बापाला सापडला नसता," ती म्हणाली. "त्याने उघड्यावर ठेवला असणार. माझ्यासाठी." आणि ती रडली. मोठ्याने, खुर्चीच्या हातांना धरून. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच रडतेयस, असं डार्ला म्हणाली, म्हणून मला कळलं.

डोळे पुसून नोलाने हिशोब मांडला. एवढा धोंडा कुणी लांबून आणत नाही, म्हणजे जागा जवळच. गाडीत बसायला तिने नकार दिला. ज्या रस्त्यावर ती जन्मभर झोपत आली होती, त्यावर ती काठी टेकत जागेपणी चालली. डार्ला मला पोटाशी धरून मागे, बापाच्या नावाने कुरकुरत.

वरच्या वळणानंतर तो बुंधा आला, आणि त्याच्यामागे गवतात बुजलेली चाकोरी. आत सपाट जमीन, ओढ्याचा आवाज, पाइनच्या सुया. बाकी काही नाही. डार्ला म्हणाली, इथे कधी कुणी राहिलंय असं वाटत नाही. नोला म्हणाली, तेच तर. मग तिने काठीने झाडाखालचा एक दगड दाखवला आणि उलटायला सांगितला. कोरा निघाला. दुसराही कोरा. ओंडक्याशेजारचा तिसरा डार्लाने बुटाने उलटला आणि तो खालून कोळशासारखा काळा होता.

डार्ला तिथेच मातीत बसली. आता रडायची पाळी तिची होती.

त्या संध्याकाळी चूल मांडली गेली. सगळे जुने शेजारी भेटले. ट्राउट मासा भाजला, डब्यातला राजमा गरम केला, भांड्यात कॉफी उकळली. पलीकडची जागा मोकळी ठेवली होती. जाळ बसल्यावर नोलाने माझ्यावर टाच टेकवली आणि त्या मोकळ्या जागेला शाळेतल्या भानगडी सांगत राहिली. जुन्याच, ऐकलेल्या.

सकाळी पाणी ओतलं, ढवळलं, नोलाने हाताची मागची बाजू राखेला लावली. डार्ला म्हणाली, "आई, राहू दे ना चूल. तूच तर बाबांशी भांडायचीस."

नोलाने हाताची राख झटकली. "भांडायला तो हवा ना," ती म्हणाली. "उचल."

एकेक दगड गेला. सर्वांत शेवटी मी. मला हातात घेऊन डार्ला घोटाळली, कारण मी दोन्हीकडून काळा, मग खाली कुठली बाजू करायची? नोलाने मला ओंडक्यापाशी ठेवून घेतलं, खळग्यातून एकदा बोट फिरवलं, आणि खळगा जमिनीकडे करून मला पालथं घातलं. वर सुया पसरल्या. गाडीकडे जाताना तिचं बोलणं ऐकू आलं, की परतीच्या वाटेवर मला झोपू देऊ नकोस.

तेव्हापासून मी असाच आहे. तक्रार नाही. तुम्ही कधी वाट चुकून इकडे आलात आणि ओंडक्यापाशी एका काळ्या दगडाला ठेच लागली, तर खुशाल उलटा. चूल मांडा, कॉफी करा, खळग्यात टाच टेकवून बघा. नीट बसणार नाही, तो तुमच्या मापाचा नाही. मग राख गार करा, हात लावून बघा, आणि जाताना मला होतो तसा पालथा घाला. आणि गावात कुणी विचारलंच, कुठे गेला होतात, तर काय सांगायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.