खुंटेउपाड बत्ताशी

तर ऐका. कळंब डेपोची दैवशाला कंडक्टर माहिती हाय ना? अंगानं काडी, पण गाडीत चढून नुसतं बघितलं की दारातली गर्दी आपोआप मागं सरकती, ती. तिची घोडी हाय. हसू नका, खरंच हाय. माळेगावच्या जत्रंतून स्वतः पसंत करून आणलेली, पांढरी, पण जरा पिवळसर झाक मारणारी, म्हणून नाव बत्ताशी.

आता दैवशाला राहती भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथं काय घोडी गॅलरीत बांधणार? म्हणून बत्ताशी ठेवलेली मांजरा नदीच्या अंगाला, बलभीम काकाच्या तबेल्यात. बलभीम काका म्हणजे दुसऱ्याची घोडी महिन्याच्या बोलीवर सांभाळणारा, आन् स्वतःची दोन घोडी वरातीला देणारा माणूस. मिशा अशा की तोंडाआधी त्या दारातून आत येतात. आन् बोलणं सगळं गोड. दैवशालाला त्या गोडीचा आधीपासून संशय, पण दुसरी जागा नव्हती.

थंडीत बत्ताशीचा पुढचा डावा पाय सुजला. डॉक्टर आले, पाय दाबून बघितला आन् म्हणले, शीर दुखावली. पाऊस पडंपर्यंत मऊ मातीवर चालवायची, बाकी आराम. डांबरावर नाचवली तर पाय जन्माचा गेला समजा. बलभीम काका शेजारीच उभा. गळ्याला हात लावून म्हणला, "डॉक्टरसायब, लेक म्हनून सांभाळतो."

आता लेक म्हणून कसं सांभाळलं ते बघा.

लग्नसराई भरात. दैवशालाची गाडी धाराशिवकडं निघालेली, वाटंत एका गावात वरात आडवी. डीजेचा आवाज एवढा की गाडीच्या काचा पण ठेक्यावर वाजायल्या. ड्रायव्हर बिभीषणनं इंजिनच बंद केलं आन् स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मागून एक म्हातारी म्हणली, "पोरी, माझी दवाखान्याची येळ व्हती गं." दैवशाला तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच ठेवून खाली उतरली.

पुढं सगळा नेहमीचा तमाशा. नवरदेवाचे दोस्त तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळायलेले, कपडे मातीत आन् चेहरे असे की कुठला तरी मोठा पराक्रम चाललाय. एक काका हात वर करून एकाच जागी उडायलेला, त्याला डीजेचं काही घेणंदेणं नव्हतं. आन् नवरदेव, संध्याकाळी काळा गॉगल, तोंडावर मुंडावळ्या, घोडीवर असा बसलेला जसं काय पोत्यात वांगी भरून वर ठेवलीत. दैवशालानं मनात म्हणलं, ह्या सगळ्यात शहाणं एकच, घोडी.

मंग तिनं घोडीकडं बघितलं.

डोक्यावर प्लास्टिकचा मोरपंखी तुरा. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत मेंदीनं लालभडक. आन् धरणारा माणूस काठीनं डाव्या पायाला टक-टक करून पाय उचलायला लावायला. घोडी पाय उचलायची आन् खाली टेकताना दरवेळी मान झटकायची, चटका बसल्यासारखी. ती पांढऱ्यातली पिवळसर झाक दैवशालानं ओळखली. बत्ताशी.

ती वरातीच्या कडेला गेली. नुसती उभी राहिली. पण बत्ताशीनं कान वळवले, वास घेतला, आन् निघाली की सरळ. डीजे सोडला, दोस्त सोडले, उडणारा काका बाजूला ढकलला, नवरदेव वर तसाच. दैवशाला मागं वळून गाडीकडं आली तर घोडी मागं-मागं. आन् येऊन तिनं एसटीच्या दारातून मुंडकं आत घातलं. पहिल्या सीटवरची ती दवाखान्याची म्हातारी म्हणली, "आता हिचं अर्धं का पुरं?"

सगळी गाडी हसायली. नवरदेव वरून वरडला, "ओ कंडक्टर, घोडीला बोलवू नका."

"उतर," दैवशाला म्हणली.

"मी नवरदेव हाय."

"दिसतंय. उतर."

आन् उतरला की तो. त्याला पण कळंना का उतरला. कंडक्टरनं उतर म्हणल्यावर माणूस उतरतो, सवय असती आपल्याला. पुढं मांडवापर्यंत तो चालत गेला, गॉगल लावून, जोडे चावत असल्यासारखा. दैवशालानं धरणाऱ्या माणसाच्या हातातली काठी घेतली, गाडीच्या टपावर फेकली, आन् सांगितलं, कडेच्या मातीतून हळू न्यायची, डांबरावर पाय पडला तर मला कळंल. तिला ड्यूटी सोडून जाता येईना. गाडी निघाली तवा बिभीषण आरशात तिच्याकडं बघून म्हणला, "मॅडम, जागा बदला आता. हा बलभीम म्हणजे दुसऱ्याच्या बैलावर पेरणी करणारा हाय."

दुसऱ्या दिवशी तबेल्यात गेली. पाय परत सुजलेला, वांग्यासारखा. बलभीम काका खाटंवर.

"अगं बाई, जनावर उभं ऱ्हाऊन-ऱ्हाऊन सांधे धरत्यात. जरा मोकळी व्हावी म्हनून धाडली."

"डीजेपुढं मोकळी?"

"जनावराला गानं कळतं, पोरी. आपल्यापरीस जास्त कळतं."

"आन् मेंदी कशाला?"

इथं काका जरा अडखळला. मिशीला ताव दिला, इकडं-तिकडं बघितलं. "शोभंला," म्हणला.

त्या शोभंला म्हणण्यात काही तरी वास होता, पण दैवशालाचं डोकं तवा तापलेलं. तिनं ठरवलं, घोडी हलवायची. कुठं, तर येरमाळा रोडला तो नवा फार्म झालाय ना, कृष्णराज दादाचा, तिथं.

तुम्ही बघितलाय का तो फार्म? कमानीवर दोन सोनेरी घोडे, दोन्ही दोन पायांवर उभे आन् दोघांची तोंडं माणसासारखी. आत पंखे, कॅमेरे, रबराच्या चटया, भिंतीवर कृष्णराज दादाचा फोटो, दादा घोड्यावर. समोरच्या भिंतीवर दुसरा फोटो, घोडा दादाच्या शेजारी. दादा स्वतः पांढऱ्या बुटात, आन् बुटाला शेणाचा एक ठिपका न्हाय. तबेल्यात राहून बूट पांढरे ठेवणाऱ्या माणसाबद्दल दैवशालाचं मत तिथंच झालं. पण जमीन मऊ होती, लाल माती चाळून टाकलेली. पाणी स्वच्छ. तिनं मनाला समजावलं, दादा कसा का असंना, घोडीनं काय त्याच्याशी लग्न लावायचंय का.

"ताई, आपल्याकडं घोडा म्हणजे फॅमिली," दादा म्हणला. एक पोरगं मोबाईल धरून त्याचं शूटिंग करायलंच. "इथं एकदा आला की घोडा परत जात नसतो."

"पाय दुखावलाय तिचा," दैवशालानं मोबाईलवर थंडीतला फोटो उघडला, डॉक्टरांना पाठवलेला, सुजलेल्या पायाचा, जवळून. "नाचवायची न्हाय, पळवायची न्हाय. तेवढं पाहिजे."

दादानं फोटो घेतला. दोन बोटांनी मोठा केला. अजून मोठा केला. सूज दिसायली, नारळाएवढी, पण दादाची नजर सुजेवर न्हाईच. गुडघ्याखाली केसाची एक भोवरी होती, तिथं थांबला. चेहरा उतरला. त्या पोराला म्हणला, "शूटिंग बंद कर."

"काय झालं?"

"ताई, तुम्हाला कुणी सांगितलं न्हाय? ही भोवरी बघा, केस वर वळलेत. खुंटेउपाड म्हणतात हिला. खाली वळले असते तर खुंटेगाड, लई शुभ. पण ही वरची. अशी घोडी ज्या दारात बांधली त्या घराचा खुंटा उपटती. माणसं देशोधडीला लागतात."

"तिचा पाय सुजलाय," दैवशाला परत म्हणली.

"ते होईल बरं. भोवरीवर पण इलाज आहे. नाराज होऊ नका." दादा पुढं सरकून हळू आवाजात म्हणला, "लोखंड लाल करून एक डाग द्यायचा. भोवरी जळून गेली की दोष गेला. आपण करून घेऊ, आन् मंग आत घेऊ. कमानीबाहेरच करावं लागंल मात्र."

दैवशाला त्या पांढऱ्या बुटाकडं बघत बसली. सुजलेला पाय, आन् त्यालाच वरून तापलेलं लोखंड. पंखे फिरायले, कॅमेरे बघायले, कमानीवर ते दोन घोडे माणसाच्या तोंडानं हसायले. एवढा मोठा फार्म, एवढ्या चटया, आन् चार केस वर वळले म्हणून सगळा हादरलेला.

"दादा," ती म्हणली, "तुमचा खुंटा एवढा कच्चा हाय का?"

आन् उठली. दादा मागून म्हणायला, ताई, श्रद्धेचा विषय आहे, ताई, चहा तरी. तिनं कमानीखालून जाताना वर बघितलं सुद्धा न्हाय.

पण रस्त्याला लागल्यावर तिला रडू यायलं. कारण आता काय? एक जण नाचवून पाय मोडणार, दुसरा भाजून. तिसरी जागा न्हाय. सुट्टी न्हाय, रान न्हाय, दुसऱ्या मजल्याची खोली तेवढी हाय. ती रिक्षानं तशीच मांजरा नदीकडं निघाली, आन् अर्ध्या वाटंत तिच्या डोक्यात एकदम ती मेंदी आली. गुडघ्यापर्यंत. दोन्ही पायांना. शोभंला.

तबेल्यात जाऊन तिनं बादली घेतली, फडकं घेतलं आन् डावा पाय पुसायला बसली. मेंदी काय लगेच जाती का, पण घासून-घासून फिकी झाली आन् भोवरी दिसायली, केस वर वळलेले.

"काका," ती मागं न वळता म्हणली, "तुम्हाला माहिती होतं."

बलभीम काका खाटंवर उठून बसला. "मी कुठं मानतो असलं. माझ्या तबेल्याला काय झालंय का आजवर? पन नवरदेवाकडची लोकं मानत्यात ना. बघितलं तर घोडी माघारी धाडत्यात. म्हनून जरा लाल केलं, बस."

"म्हणजे ही खुंटेउपाड हाय हे कळलं तर हिला वरातीला कुणी नेणार न्हाय?"

"कोन नेतंय? लग्नातच खुंटा उपटायचाय का कुनाला." काका हसला. आन् हसता-हसता थांबला, कारण दैवशाला त्याच्याकडं बघत होती, गाडीत फुकट बसलेल्या माणसाकडं बघती तशी.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काय केलं माहिती हाय? काही न्हाय. नुसती तिकिटं फाडत, मंजी मशीनमधून काढत, बोलत राहिली. "मावशी, लग्नाला निघाला व्हय? घोडी कुठली? बलभीमची? पांढरी असंल तर पुढच्या डाव्या पायाची मेंदी जरा पुसून बघा म्हणावं. न्हाय, सहज म्हणलं." एवढंच. पुढं सरका, पुढं सरका. कळंब ते धाराशिव, परत कळंब. आपल्या तालुक्यात बातमी पसरवायला ह्याच्यापेक्षा जलद काही असंल तर मला सांगा. आन् ह्या लोकांना पाय सुजलेला सांगून बघा, कुणी ऐकणार न्हाय. चार केस वर वळलेत सांगा, लगेच कान टवकारतात. दैवशालाला त्या सगळ्यांची किळस यायची, आन् प्रत्येकाला ती हसून तिकीट द्यायची.

आठवडा झाला न्हाय तर बलभीम काका स्वतः स्टँडवर. गाडीच्या दारात उभा, मिशा खाली आलेल्या.

"दैवशालाबाई, माझी दोन्ही घोडी पन कुनी न्हेईना. जो येतो तो आधी पाय पुसाया बसतो. तुमी तुमची घोडी त्या कृष्णराजकडं न्या. हात जोडतो."

"तो घाबरतो, काका. तुम्ही मानत न्हाई ना? म्हणून तुमच्याकडंच ठेवणार."

"आन् माझा धंदा?"

"ज्यांना शोभंला मेंदी पाहिजे त्यांना लावा. मी गाडीत पुढं काय बोलायचं ते तिच्या पायावर ठरंल. बत्ताशीच्या पायाला आता नुसतं गार पाणी. सकाळी आन् संध्याकाळी, नदीकाठच्या मऊ वाळूत, तुमच्या हातानं. लेक म्हणून." आन् तिनं दोरी ओढून डबल बेल दिली. "दारातून मागं व्हा, काका. गाडी सुटायली."

परवा त्याच रस्त्याला परत वरात आडवी आली. डीजे तोच, रुमालवाले तेच, उडणारा काका पण तोच का कुणास ठाऊक. नवरदेव मात्र जेसीबीच्या पुढच्या फावड्यात बसलेला, फुगे लावून, वर उचललेला, आन् दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेली. बिभीषण म्हणला, "मॅडम, घोडी न्हाय वाटतं." दैवशालानं फावड्यातल्या त्या नवरदेवाकडं एकदाच बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"घोडी वाळूत असंल आता," ती म्हणली, आन् डबल बेल दिली.