डिव्हेनींचा विस्तव

आमच्या किल्ल्याचं हॉटेल झालं त्याला चाळीस वर्षं झाली. त्यातली एकतीस मी इथल्या दिवाणखान्यातला विस्तव सांभाळतेय. किल्ल्याचे मूळ मालक ओ'हार्टन, त्यांचा शेवटचा सरदार लढाई हरून समुद्रापार गेला, तेव्हा म्हणे बजावून गेला, "हा विस्तव विझू देऊ नका. तो आहे तोवर आपलं कूळ परत येईल." कूळ कसलं येतंय! पाहुणे येतात, फोटो काढतात आणि नाश्त्याचं सॉसेज करपलं म्हणून कुरकुरतात.

पण आमच्या खोऱ्यात एक रीत होती. एखादं घर कायमचं परदेशी निघालं की चुलीतले निखारे बादलीत भरायचे आणि किल्ल्यातल्या विस्तवात आणून टाकायचे. घराला कुलूप लागलं तरी चूल जिवंत राहायची. अशा किती घरांच्या चुली यात मिसळल्यात, देवाला ठाऊक. मी रोज निघताना निखारे राखेखाली झाकायची आणि सकाळी फुंकर मारून जागे करायची.

गेल्या मंगळवारी दुपारी लॉर्कन डिव्हेनी नावाचे गृहस्थ आले. अठ्ठ्याहत्तरीचे, बॉस्टनहून एकटेच. सामान दारातच टाकलं आणि टोपी काढून विस्तवापुढे उभे राहिले.

"आमचा विस्तव यातच आहे ना हो, बाई?" त्यांनी विचारलं. "देश सोडला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बादली आईच्या हातात, आणि वाटभर मलाच दटावत होती, 'मेल्या, खाली बघून चाल!' घर सोडताना डोळ्यांतून टिपूस नाही. इथे बादली रिकामी केली आणि हंबरडा फोडला."

तो विस्तव तर विझला होता, माझ्याच हातून. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा पॅकी गेला. तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही आणि इथे विस्तवाचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. परत येऊन बघते तर गार राख. मॅनेजर म्हणाला, "पेटव गुपचूप, कुणाला कळतंय?" मी पेटवला. तेव्हापासून फोटोवाल्यांना खुशाल थापा मारतेय, त्याचं मला काडीचंही काही वाटलं नाही.

पण हा माणूस त्या आगीपुढे हात पसरून उभा होता. गप्प बसले असते तर बिचारा सुखाने परत गेला असता. पण माझं मेलं तोंड कधी माझं ऐकतंय!

"हा तो नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

ते मटकन खुर्चीत बसले.

"माझीच लायकी ही," ते म्हणाले. "आई जाईपर्यंत वीस वर्षं तिच्याशी खोटं बोललो. कामासाठी डब्लिनला यायचो आणि घरी जाऊन सांगायचो, 'आई, किल्ल्यात जाऊन आलो, आपला विस्तव छान पेटलाय.' एकदाही आलो नव्हतो. विझलेला दिसला तर तिला काय सांगू, ही भीती."

"आई कधी गेल्या?"

"अकरा वर्षं झाली."

मी हिशोब केला, अकरा आणि वीस एकतीस, म्हणजे माझीच इथली वर्षं, आणि त्यांच्यासमोर खालीच बसले.

"मग ऐका. त्या होत्या तोवर हा एक दिवससुद्धा विझला नाही. मी होते ना इथे! तुम्ही सांगत होतात ते खरंच होतं."

"खरं होतं?"

"पॅकीची शपथ."

म्हातारा ढसाढसा रडला, आणि मीही. पॅकी गेल्यापासून रडायला मला सोबत नव्हती.