कोरड्या मातीचा आकडा

"अर्धा तास झाला, मास्तर. किती उतरलं?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

खड्डेमास्तर खड्ड्याच्या काठावर पालथे पडून पट्टीकडे बघत होते. पाणी जिथल्या तिथे होतं.

"काहीच नाही," ते म्हणाले.

गोल्फ क्लबच्या उतारावरचा हा सहावा खड्डा. चाळीस खोल्यांच्या नव्या क्लबहाऊसचं सांडपाणी कुठे सोडायचं, याचा निकाल या खड्ड्यांवर लागणार होता. शहराच्या गटारापर्यंत पाइप टाकायचा, शुद्धीकरणाचं यंत्र बसवून पाणी हिरवळीला द्यायचं, नाहीतर जुन्या शोषखड्ड्यांशेजारी आणखी शोषखड्डे खणायचे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त, त्यामुळे क्लबचा सगळा जीव त्यातच अडकला होता. पण त्यासाठी मातीने पाणी प्यायला हवं होतं, आणि माती तोंड मिटून बसली होती.

बाईंनी फायलीतला जुन्या शोषखड्ड्यांच्या वेळचा अहवाल काढला. "अकरा वर्षांपूर्वी तर भराभर उतरलं होतं. तुमचीच सही आहे की. दोन्हींची सरासरी काढू या?"

मास्तर उठून बसले.

तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. खड्डा खणायचा, आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवायचा, माती पिऊन पिऊन तट्ट झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून मोजायचं. या आदल्या दिवसापायी त्यांनी किती साहेबांची बोलणी खाल्ली होती. "तहानलेल्याला काय विचारता, साहेब?" ते म्हणायचे. "पोट भरल्यावर विचारा."

एकदाच त्यांनी तो आदला दिवस गाळला, तो याच उतारावर. भर उन्हाळा होता, माती भाजून निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी बायकोचं ऑपरेशन होतं. सकाळी ओतलं, लगेच मोजलं, 'आदल्या दिवशी भिजवले' असं लिहून सही ठोकली आणि दवाखाना गाठला. बायको काही वाचली नाही. त्या दुःखात ही गोष्ट विसरून गेली. खरं सांगायचं तर त्यांनी ती विसरू दिली.

उताराच्या पायथ्याशी पंचवीसेक घरं होती आणि सगळ्यांची मिळून एक विहीर. त्यांतलं एक घर मास्तरांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. दोन वर्षांपासून विहिरीच्या पाण्याला वास येत होता. अक्काच्या शेजारची लहान मुलगी तिसऱ्यांदा दवाखान्यात होती. लोक क्लबकडे बोट दाखवायला लागले की अक्का म्हणायची, "वरची जमीन माझ्या भावाने तपासलीय. तो असातसा माणूस नाही."

"सरासरी काढू नका," मास्तर म्हणाले. "जुना आकडा खोटा आहे. मी तेव्हा खड्डे भिजवले नव्हते."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "हे मी ऐकलं नाही, मास्तर. सहा महिन्यांनी निवृत्त होताय तुम्ही. मी फक्त आजचा आकडा टाकते. नवीन खड्डे होणार नाहीत. जुन्याचं कोण विचारतंय?"

"पण जुने चालूच राहतील ना?"

बाईंनी फाइल मिटली. मास्तरांनी त्यांच्या हातातून फॉर्म घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलं. खाली सही केली. मग ते तसेच उतार उतरून गेले.

अक्का पाणी उकळत होती. "ये रे. किती दमलायस."

ते दारातच उभे राहिले. बसलो तर बोलता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "अक्का, विहिरीचं पाणी आता कुणीच वापरू नका. वरची माती पाणी पीत नाही, मैलापाणी उतारावरून त्यात येतंय. मी तपासणी नीट केली नव्हती. खोटं लिहिलं होतं."

अक्काने गॅस बंद केला.

"शेजारणीला मी काय काय बोलले," ती म्हणाली. "म्हटलं, तुझीच भांडी घाण असतील, म्हणून पोर आजारी पडते."

"मी सांगतो सगळ्यांना. आत्ताच जातो."

"तू थांब." तिने हात पुसले. "तुझी हमी मी दिली होती. घरोघरी."

तिने चपला घातल्या. गुडघे दुखत होते, तरी भिंतीला धरून पायऱ्या उतरली आणि शेजारचं दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून मुलीच्या आईचा आवाज आला.

एरवी ती नुसतं 'मी अक्का' म्हणायची.

"खड्डेमास्तराची बहीण," ती म्हणाली, आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिली.