अर्ध्या बोटाचं खोटं

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. बुटका, गोल आणि तोंडाचा फटकळ. ओताऱ्यानं मला ओतलं, घासून गुळगुळीत केलं आणि दोरीत ओवून एका गवंड्याच्या हाती दिलं. दोरीच्या वरच्या टोकाला माझा जोडीदार, एक लाकडी ठोकळा. त्याची आणि माझी जाडी अगदी सारखी. गवंडी ठोकळा भिंतीला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवून थांबलो, तर भिंत सरळ. मध्ये फट दिसली, तर भिंत पुढे झुकलेली. भिंत कुणाची का असेना, मी भीडभाड ठेवत नाही.

माझा गवंडी हाताचा पक्का होता. "माझं नाव झालं ते याच्यामुळे," असं तो चारचौघांत सांगायचा आणि मला तेलाचं बोट लावायचा. मी खूश!

मग प्रार्थनामंदिराशेजारी बालवर्गाची खोली बांधायचं काम आलं. घाई फार. पठ्ठ्यानं दोन दिवस मला पिशवीतून काढलंच नाही, नजरेच्या अंदाजानं थर चढवले. तिसऱ्या दिवशी मला सोडलं आणि फट दिसली! चांगली अर्ध्या बोटाची. आता भिंत पाडायची म्हणजे चारचौघांत नाक कापलं जाणार. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पटाशी घेतली आणि माझा ठोकळाच अर्धं बोट तासला. फट गायब! भिंत वर गेली तसं खोटंही वर चढत गेलं. इंजिनिअरनं मलाच लावून तपासलं आणि म्हणाला, "वा! ओळंब्यात आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे जमीन दबली आणि भिंतीला तडा गेला. गवंड्यानं तो गुपचूप बुजवला. पुन्हा गेला, पुन्हा बुजवला. त्याची झोप उडाली. त्यानं तंबाखू सोडली, वर्गापुढचा ओटा फुकट बांधून दिला, रविवारची एकही उपासना चुकवली नाही. मी मात्र पिशवीच्या तळाशी हिरवा पडत होतो. माझ्याकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

एके सकाळी त्याची मुलगी चिमणी त्याच बालवर्गाला निघता निघता म्हणाली, "बाबा, बाईंनी मला भिंतीपाशी जागा दिलीय. तिथं गार वाटतं."

त्यानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. ती गेली आणि पाठोपाठ हाही पिशवी खांद्याला लावून धावत सुटला. वर्ग भरला होता. भिंतीला पाठ लावून ओळीनं पोरं बसली होती. तडा पुन्हा उघडला होता, या वेळी हात जाईल एवढा. त्यानं चिमणीचं मनगट धरलं आणि तिला ओढत दारापर्यंत आणलं. दारात प्रार्थनामंदिराचे पाळकसाहेब उभे.

"काय झालं रे?"

"हिचं पोट दुखतंय."

"नाही दुखत, बाबा," चिमणी म्हणाली.

गवंड्यानं मागे वळून पाहिलं. चौदा पोरं अजून तिथंच बसली होती. मित्रांनो, तो आपली तेवढी घेऊन निघाला होता! ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो ओरडला, "सगळ्यांना बाहेर काढा! भिंत वाकडी आहे. मीच बांधलीय!"

पोरं अंगणात आली. गवंडी ओट्यावर बसला. "साहेब, इतकं केलं तरी हे मनातून जाईना. अजून काय करू? सांगाल ते करतो."

पाळकसाहेबांनी मला पिशवीतून काढलं. "हा भिंत सरळ करतो का रे?"

"नाही. वाकडी आहे एवढंच दाखवतो."

"देवाची आज्ञाही तेवढंच दाखवते. आणि आपण काय करतो? ठोकळा तासतो. मीही तासलाय, बाबा. आपल्यातला कुणीच स्वतःला सरळ करू शकत नाही. सरळ एकटा ख्रिस्त. तो आपली शिक्षा अंगावर घेऊन क्रूसावर मेला. तुझ्या ओट्यानं भागलं असतं, तर त्याला मरायची गरज काय होती?"

"मग मी काहीच करायचं नाही?"

"क्षमा माग. तो देतो, ती घे. मग भिंत पाड. क्षमा मिळावी म्हणून नको, मिळाली म्हणून पाड."

गवंडी तिथेच मातीत गुडघे टेकून हमसून हमसून रडला. मग त्यानं हातोडा उचलला. दुसऱ्याच घावाला वरचे सहा थर आपणहून खाली आले, नेमके चिमणीच्या बसकरावर.

पोरांच्या आया धावत आल्या. त्यातली एक म्हणाली, "तुझी ती लेक, आणि आमची काय वाऱ्यावर होती?" बरेच दिवस त्याला कुणी काम दिलं नाही आणि त्यानंही तक्रार केली नाही. भिंत मात्र त्यानंच पुन्हा बांधली, नवा ठोकळा करून, थराथराला मला सोडून.

मित्रांनो, मला पुसत जा, तेल लावत जा. पण मी फट दाखवली तर माझ्यावर रागावून ठोकळा तासू नका. फट घेऊन त्या एकट्या सरळ ख्रिस्ताकडे जा. दुसरा कुणी उपयोगाचा नाही, मी तर नाहीच नाही.

भिंत पुरी झाली, तेव्हा गवंड्यानं मला 'आमची काय वाऱ्यावर होती?' म्हणणाऱ्या त्याच आईच्या हातात दिलं. "ताई, तुम्हीच बघा." तिनं ठोकळा टेकवला, मला सोडलं आणि एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहिलं. मी जेमतेम शिवून थांबलो होतो. मग तिनं आपल्या मुलीचं बसकर उचललं आणि भिंतीपाशी अंथरलं.