आईच्या बुटांचं माप

त्या काळी जानेवारी लागला की मिसिसिपीतल्या आमच्या गावात कॉलेजच्या कोचांच्या गाड्या खेळाडू हेरत फिरू लागत. पोरगा जिंकायचा तर आधी त्याच्या आईच्या हातचं जेवायचं, हे कोचांना पाठ होतं. त्या वर्षी गाड्या व्हर्नेलच्या दारात थांबत होत्या. तिच्या टॅल्मेजसारखा अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू हातात झेलणारा साऱ्या परगण्यात नव्हता.

दोन कोच येऊन गेले. दोघांनीही तळलेली कोंबडी मिटक्या मारत खाल्ली आणि टॅल्मेजला शब्द दिला, "पहिल्याच सामन्यापासून चेंडू तुझ्याकडेच!" पोरगा हवेत तरंगत होता. बुधवारी एका कॉलेजच्या कागदावर सही करायची होती.

सोमवारी हॉलिस कोच आले. जेवताना त्यांचं लक्ष टॅल्मेजकडे नव्हतंच. व्हर्नेलची मनगटं, चुलीजवळचे तिचे बूट, असं काहीतरी निरखत होते.

"मिस व्हर्नेल, रागावू नका. बूट कितव्या मापाचे?"

"बारा नंबरचे. का, घालून बघायचेत?"

"आणि तुमचे भाऊ?"

"तिघंही दारातून वाकून आत येतात."

कोचनी काटा खाली ठेवला. "म्हणजे पोरगा अजून फार वाढणार. टॅल्मेज, तू चेंडू झेलायचा नाहीस. पहिलं वर्ष खेळायचंच नाही. खायचं, वजनं उचलायची. मग पुढच्या फळीत उभं राहून समोरच्यांना अंगानं अडवायचं, चेंडूवाल्याला वाट करून द्यायची. व्यावसायिक संघात जाशील तो तिथूनच."

"म्हणजे माझं नाव कुणी घेणारच नाही?"

"चुकलास की घेतील," कोच शांतपणे म्हणाले.

व्हर्नेलला हसू फुटलं. टॅल्मेज दार आपटून अंगणात गेला. कोचना गोडाचं वाढून देऊन ती मागोमाग गेली.

"तू पण त्यांच्याच बाजूची?"

"मी तुझ्या बाजूची. उन्हाळ्यापासून तुझ्या तीन विजारींच्या दुमडी उसवून मी लांबी वाढवली. तू अजून वाढतोयस, हे ह्या माणसाला जेवता जेवता दिसलं. त्या दोघांना फक्त कोंबडी दिसली."

"पण मला झेलायला आवडतं, आई."

"सही तुझी," एवढंच ती म्हणाली. दोन दिवस तिला घास गोड लागला नाही.

बुधवारी सकाळी सातला तिन्ही कोच पायऱ्यांवर हजर. टॅल्मेजनं सगळ्यांकडे पाहिलं आणि हॉलिस कोचसमोर जाऊन उभा राहिला.

"एक अट आहे. आठवड्यातून एकदा मी चेंडू झेलणार."

"शुक्रवारी, सराव संपल्यावर. फेकायला मी."

"तुम्हाला फेकता येतो?"

"वाईट. तुला पळावं लागेल."

टॅल्मेज हसला आणि त्यानं पेन मागितलं. त्याच्या सहीखाली व्हर्नेलनं आपली सही ठोकली, मग बाकीच्या दोघांकडे वळली. "आता आलाच आहात तर आत या. अंडी तळते."