दुसऱ्या मावशीचं मत

बोंग-सुकचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. बाजारात तिचं किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, दुकान होतं. आलेला कोबी ती आपल्या काट्यावर पुन्हा तोलून घ्यायची, आणि नवरा मासे धरायला जाऊन आला की त्याचा गळ ओला आहे का हे बघायची. विश्वास काय तो एकीवर, देओक-जा मावशीवर. वीस वर्षं दर बुधवारी, बाजार बंद असला की, सार्वजनिक न्हाणीघरातली ही मावशी खरखरीत हातमोज्याने तिचं अंग घासून मळ काढून द्यायची.

त्या बुधवारी मावशीचा हात डाव्या छातीच्या कडेला आला आणि थांबला. मोजा काढून तिने बोटांनी पुन्हा चाचपलं.

"अगं, इथे गाठ लागतेय. कधीपासून आहे?"

"कोबीचे ढीग उचलून आखडलं असेल. दुखत-बिखत नाही काही."

"दुखत नाही म्हणून बसून राहू नकोस. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण ते तू-मी नाही ठरवायचं. तिसऱ्या मजल्यावर बायकांचा दवाखाना निघालाय बघ. आजच जा."

तिसरा मजला म्हणजे ह्याच इमारतीत! बोंग-सुकच्या मनात पाल चुकचुकली. नवा दवाखाना, खाली न्हाणीघर, आणि रोज पन्नास बायका उघड्या अंगाने मावशीच्या हाताखाली. पाणी कुठे मुरतंय ते तिला लख्ख दिसलं.

"काय गं मावशी, माणसं वर पाठवायची दलाली किती मिळते?"

मावशीने घमेलंभर पाणी भसकन तिच्या अंगावर ओतलं. "वीस वर्षं पाठ घासली, त्याचं हे फळ! नको जाऊस तिसऱ्या मजल्यावर. जगात दुसरा डॉक्टर नाही का? पण जा बाई."

आता लगेच नको म्हणते? बोंग-सुकचा संशय आणखीच बळावला.

खरं तर गाठ तिला चुसॉकच्या सणापासून ठाऊक होती. सणाचे कपडे चढवताना पहिल्यांदा बोटाला लागली. चार महिने हात आपसूक तिकडे जायचा आणि ती तो झटकन मागे घ्यायची. नवऱ्याला सांगावं, तर तो बहिणीला सांगणार, आणि बहीण गावभर दवंडी पिटणार. त्यापेक्षा मावशीला लबाड ठरवणं सोपं होतं.

पुढच्या बुधवारी ती बस धरून पार दुसऱ्या टोकाच्या न्हाणीघरात गेली. आधी इमारतीभोवती चक्कर मारून वर-खाली कुठे दवाखान्याची पाटी नाही ना, हे बघून घेतलं. मग अवाक्षर न काढता अंग घासायच्या फळीवर आडवी झाली. लागू दे हिच्या हाताला, मग बघू.

इथली मावशी किडकिडीत, तोंडाला कुलूप लावलेली. डावी बाजू आली तसा बोंग-सुकने श्वास रोखला. हात आला, घासत पुढे गेला. थांबला नाही.

नाहीच काही! ती म्हातारी पक्की दलाल! कपडे बदलायच्या खोलीत बोंग-सुकने खुशीत तिथे विकायला ठेवलेली दोन उकडलेली अंडी घेतली. तेवढ्यात किडकिडीत मावशी पाणी प्यायला बाहेर आली, तशी हिला राहवेना.

"मावशी, आमच्याकडची एक म्हणते मला छातीत गाठ आहे म्हणून. तुमच्या हाताला लागलं का हो काही?"

बाईने पेला खाली ठेवला. "लागली ना. डावीकडे."

बोंग-सुकच्या घशात अंडं अडकलं. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते एकदा एका बाईला. दवाखान्याशी साटंलोटं आहे म्हणून तिने मालकिणीकडे तक्रार केली. तिथलं माझं काम गेलं. तेव्हापासून गुपचूप घासते."

"ती बाई गेली का डॉक्टरकडे?"

"काय माहीत. मला पुन्हा नाही दिसली."

बोंग-सुकने तिचं ओलं मनगट घट्ट धरलं. "इथे जवळ दवाखाना कुठे आहे?"

"मी नाही हो सांगणार. उगाच माझ्यावर येईल."

"सांगा हो मावशी!" बोंग-सुक इतक्या जोरात ओरडली की खोलीतल्या सगळ्या बायका वळल्या. "चार महिने झाले, मलाही लागतेय ती."